तुम्ही विचारलंत म्हणून: देवळात जात नाहीस, मग हे पिक्चर कशाला बघतोस?

आमच्या कोल्हापुरातल्या ग्रुपमध्ये हा प्रश्न फिरून फिरून येतोच, की बाबा तू अंबाबाईला जाणार ते पाहुणे आले तरच, आणि धर्मापायी माणसं जाळली, टांगली असले पिक्चर मात्र शोधून शोधून बघणार. आत्या तर थेट म्हणते, "अरे, देव मानतोस का न्हाई ते एकदा ठरव की."

ठरत नाही, म्हणून तर बघतो. ज्या पिक्चरमध्ये छळणारा पण ठाम आणि सोसणारा पण ठाम, त्यात बघायचं काय, नुसतं रक्त?

स्कोर्सेसीचा 'सायलेन्स' (2016) घ्या. सतराव्या शतकातलं जपान, ख्रिस्ती धर्मावर बंदी, आणि ज्याच्यावर संशय त्याच्यासमोर येशूची प्रतिमा असलेली पाटी ठेवायची, फुमिए म्हणतात तिला, पाय ठेवलास की सुटलास. वर समजूत काढतात की अहो फॉर्मॅलिटी आहे नुसती. मला तर हा गोडवाच टांगण्यापेक्षा भयानक वाटतो. रॉड्रिग्स पाद्री स्वतः मरायला तयार आहे, पण त्याला मरूच देत नाहीत, त्याच्याऐवजी गरीब गावकऱ्यांना खड्ड्यात उलटं टांगतात, तू पाय ठेव, हे सुटतील. आता श्रद्धा कुठल्या बाजूला राहिली सांगा. आणि देव गप्प.

सगळे त्या पाद्र्याबद्दल बोलतात, माझा माणूस मात्र किचिजिरो, त्यातला गरीब जपानी ख्रिस्ती. घाबरून पाय ठेवतो, पळतो, परत येऊन रडत माफी मागतो, परत तेच. मी तिथं असतो तर पहिल्या लायनीत चप्पल काढून उभा राहिलो असतो, म्हणून असेल. ड्रेयरच्या 1928 च्या मूकपटातली जोन ऑफ आर्क, देवाचे आवाज ऐकू येतात म्हणून जिच्यावर धर्मखटला चालला ती फ्रेंच पोरगी, तीसुद्धा आगीच्या भीतीनं आपलं चुकलं अशा कबुलीवर सही करते, मग मागे घेते आणि जळते. मला ती सही करते तिथंच जास्त जवळची वाटते.

आपल्याकडचं म्हणाल तर 'संत तुकाराम' (1936). तो काढणारी प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात 1929 ला सुरू झाली, 1933 ला पुण्याला गेली आणि हा पिक्चर तिकडं झाला, तरी दिग्दर्शक दामले-फत्तेलाल म्हटलं की आम्ही आपलेच म्हणणार. त्यात सालोमालो तुकोबांचा मत्सर करतो, गाथा इंद्रायणीत बुडते. पण तुकोबांपेक्षा मी जिजाईकडं बघतो, गौरीनं काय काम केलंय! घरात दाणा नाही, पोर आजारी, आणि ही बाई विठोबाला जाब विचारायला वहाण घेऊन देवळात जाते. आता हिला अश्रद्ध म्हणायचं? देव नाहीच असं वाटणारा माणूस वहाण कुणावर उचलेल?

गाथा वर येते तेव्हा लोक हात जोडतात. मी अजून त्या 13 दिवसांतच असतो, धरणं धरून बसलेल्या माणसाच्या डोक्यात तेव्हा काय चाललं असेल.

'सायलेन्स'बद्दलही हीच तक्रार (बघितला नसेल तर पुढचं वाचू नका). शेवटी मेलेल्या रॉड्रिग्सच्या हातात छोटा क्रॉस दाखवलाय, एंडोच्या मूळ कादंबरीत तो नाही. एवढा अडीच तासांचा पिक्चर शंकेवर उभा केला आणि शेवटच्या मिनिटाला प्रेक्षकाच्या हातात उत्तर ठेवलं. मला नको होतं ते.