पेशींविना उमटलेला जांभळा रंग

औषधाची मात्रा वाढवत नेली की पेशी अधिक मरायला हव्यात. पण माझ्या संशोधक विद्यार्थिनीने त्या दिवशी टेबलावर ठेवलेल्या आलेखात सर्वांत मोठ्या मात्रेला कर्करोगाच्या पेशी पुन्हा जगू लागल्या होत्या. शेवग्याच्या पाल्याच्या अर्कात तयार केलेले झिंक ऑक्साइडचे नॅनोकण आम्ही एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींवर तपासत होतो. आलेखाची रेषा सुरुवातीला व्यवस्थित उतरत गेली आणि शेवटी वर वळली. असा बिंदू पुष्कळदा हाताळणीतला दोष समजून गाळला जातो. तिने तो गाळला नव्हता. उलट त्याच खळग्यांची, म्हणजे पेशी वाढवायच्या प्लेटमधल्या छोट्या वाट्यांची, सूक्ष्मदर्शकातून घेतलेली छायाचित्रे ती सोबत घेऊन आली होती. त्यांत तळाला चिकटून पसरलेल्या पेशी जवळपास नव्हत्याच; गोल होऊन सुटलेल्या, तरंगणाऱ्या पेशी तेवढ्या दिसत होत्या. "मॅडम, डोळ्यांवर विश्वास ठेवू की यंत्रावर?" असे तिने विचारले, आणि प्रश्न अगदी रास्त होता.

आमची चाचणी एमटीटीची होती. १९८३ मध्ये मोसमन यांनी मांडलेली ही पद्धत आज पेशी-प्रयोगशाळांत सर्रास वापरली जाते. एमटीटी हे पिवळे रसायन जिवंत पेशीतील विकरांमुळे (एन्झाइममुळे) क्षपण होऊन, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळून, जांभळ्या फॉर्मॅझानमध्ये बदलते. ते स्फटिक डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ५७० नॅनोमीटरच्या आसपास रंगाची तीव्रता मोजायची, आणि जितका जांभळा रंग अधिक तितक्या जिवंत पेशी अधिक, असे धरायचे. म्हणजे यंत्र पेशी मोजत नाही, रंग मोजते. रंग पेशीनेच केला आहे, हे आपण गृहीत धरतो.

आमच्याकडे त्याच अर्कात बनवलेल्या कणांच्या दोन पुड्या होत्या. पाला धुऊन, सावलीत वाळवून, त्याची पूड ऊर्ध्वपातित पाण्यात गरम करून गाळली की अर्क मिळतो. त्यात झिंक नायट्रेटचे द्रावण घालून सामू (पीएच) वाढवला की साका बसतो. हा साका निम्मा ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवला होता आणि निम्मा मफल भट्टीत ४०० अंश सेल्सिअसला भाजला होता. भट्टीतून काढताना ती पूड पिवळट दिसते आणि निवताना डोळ्यांदेखत पांढरी होत जाते. हा झिंक ऑक्साइडचा स्वभावच आहे, आणि इतकी वर्षे या कामात असूनही मी ते थांबून पाहते. वाळवलेली पूड मात्र थंड झाल्यावरही पिवळसर, मातकट राहिली होती. स्फटिकाची रचना ओळखणाऱ्या क्ष-किरण विवर्तनात दोन्हींची शिखरे ३१.७, ३४.४ आणि ३६.२ अंशांच्या आसपास, म्हणजे स्फटिक तोच, षट्कोनी वुर्ट्झाइट. फरक होता तो कणांवर चिकटून राहिलेल्या पाल्याच्या अंशाचा. वर वळलेली रेषा फक्त मातकट पुडीची होती, हे लक्षात आल्यावर शंकेला दिशा मिळाली.

दुपारी तिने एका प्लेटमध्ये पेशी न घालता नुसते पोषक माध्यम भरले, त्यात दोन्ही पुड्या आणि शेवग्याचा निव्वळ अर्क वेगवेगळ्या मात्रांत घातला, आणि नेहमीप्रमाणे एमटीटी टाकून प्लेट ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली. संध्याकाळी झाकण उघडले तेव्हा मोजणीची गरजही उरली नव्हती. भाजलेल्या पुडीचे खळगे पिवळेच होते. मातकट पुडीचे खळगे मात्रेनुसार जांभळे होत गेले होते, आणि अर्काच्या रांगेत तर सगळ्यांत गडद रंग उतरला होता. पेशी एकही नव्हती. पाल्यातील पॉलिफेनॉल, फ्लॅवोनॉइड, क जीवनसत्त्व ही सारी क्षपण करणारी द्रव्ये. जे काम पेशीच्या विकरांनी करायचे, ते त्यांनी परस्पर उरकले होते. म्हणजे आमचे कण आलेखात दिसत होते त्याहून अधिक घातक होते. ही चूक आपल्या बाजूची नव्हती म्हणून ती पकडणे सोपे गेले, असे मला प्रामाणिकपणे वाटते. हीच गफलत निकाल चांगला दाखवणारी असती, तर इतक्या तातडीने प्लेट लावली गेली असती का, कोण जाणे.

या निमित्ताने आणखी एक गोष्ट लिहून ठेवते. वनस्पतीचा अर्क झिंकचे 'क्षपण' करतो, असे वाक्य अनेक शोधनिबंधांत वाचायला मिळते. चांदी किंवा सोन्याच्या कणांबाबत ते खरे आहे, कारण तिथे आयनापासून धातू बनतो. झिंक ऑक्साइडमध्ये झिंकचा प्रभार दोनचा दोनच राहतो. अर्क तिथे आयनांना बांधून ठेवतो आणि कणांची वाढ आवरतो. आमच्या प्लेटमध्ये अर्काने क्षपण केले ते एमटीटीचे, झिंकचे नव्हे.

त्याच आठवड्यात प्रसिद्धी विभागाकडून शेवग्याने कर्करोग बरा होतो का, अशी विचारणा झाली होती. धातूंची ऑक्साइडे उपचारात आलीच नाहीत असे नाही: हाफ्नियम ऑक्साइडचे कण थेट गाठीत टोचून किरणोपचाराचा परिणाम वाढवण्याच्या पद्धतीला २०१९ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. पण तिथवर पोहोचायला माणसांवरच्या चाचण्या लागल्या. आमच्याकडे प्लास्टिकच्या प्लेटमधल्या पेशी होत्या, त्यामुळे बातमी देण्यास मी नकार दिला.

पुढच्या फेरीत एमटीटी टाकण्यापूर्वी खळगे धुऊन घेतले आणि जोडीला पेशींतील प्रथिने रंगवणारी एसआरबी चाचणी लावली. रेषा आता शेवटपर्यंत खाली गेली. मात्र तिने आपण होऊन एक रांग वाढवली होती: कणांत जितके झिंक, तितकेच झिंक देणारे साधे झिंक नायट्रेट. पेशीतील आम्लधर्मी कप्प्यांत झिंक ऑक्साइड विरघळते आणि सुटलेले आयनच बराचसा घात करतात, हे आम्हाला वाचून ठाऊक होते. नायट्रेटची रेषा कणांच्या रेषेच्या इतकी जवळून गेली की शोधनिबंधाच्या मसुद्यातून 'शेवग्यामुळे वाढलेली परिणामकारकता' हे शब्द आम्ही त्याच दिवशी काढून टाकले, आणि निरोगी पेशींवरची तुलना पूर्ण होईपर्यंत मसुदा बाजूला ठेवला.