दोष न सापडलेली पिकअप

अ‍ॅव्हरेजची तक्रार घेऊन आलेली गाडी बहुधा टायरमधली कमी हवा, घासत राहणारा ब्रेक किंवा तुंबलेला एअर फिल्टर यांपैकी कशावर तरी निकाली निघते. त्या दिवशीची टर्बो पेट्रोल पिकअप मात्र या सर्व तपासण्यांतून निर्दोष सुटली. आमच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने तरीही जॉब कार्डवर ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची नोंद करून ठेवली होती. कारण सापडले नाही की सुटा भाग बदलायचा, ही आमच्या व्यवसायाची जुनी खोड आहे.

मालकांना मी त्यांचा बंदिस्त ट्रेलर घेऊन बोलावले आणि स्कॅनर जोडून शेजारी बसलो. ट्रेलरविना ताशी 80 किलोमीटरला टर्बोवर फारसा भार नव्हता आणि इंधनाचा खप कंपनीच्या आकड्याला धरून होता. ट्रेलर जोडून ताशी 100 ने चढ घेताच बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) वर गेला तो खाली येईना, आणि लॅम्डा, म्हणजे पेट्रोल जाळायला लागणाऱ्या हवेच्या तुलनेत प्रत्यक्ष मिळणारी हवा, 1 च्या बराच खाली उतरला. म्हणजे एक्झॉस्टचे तापमान आवरून टर्बो वाचवण्यासाठी इंजिनाचा संगणक जादा पेट्रोल सोडत होता, जे पूर्ण जळतही नाही. शिवाय वेग 80 वरून 100 वर नेल्यास हवेचा विरोध सुमारे 56 टक्क्यांनी वाढतो, आणि ट्रेलरचे उंच सपाट तोंड त्यात भर घालते.

कंपनीचा आकडाही खोटा नव्हता. डब्ल्यूएलटीपी या इंधनाचा खप मोजण्याच्या प्रमाणित चाचणीत गाडी रोलरवर सुमारे 23 किलोमीटर चालते, सरासरी वेग ताशी 46.5 किलोमीटर असतो आणि खप धुरातील कार्बन मोजून काढतात; ट्रेलर त्यात नसतोच. विक्रेत्याने हे सांगायला हवे होते, पण ओढण्याची क्षमता आणि अ‍ॅव्हरेज हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले की गिऱ्हाईक ते एकत्र मिळतील असे समजते, आणि तसे समजलेले विक्रेत्याला सोयीचेच असते.

“मग पुढची गाडी कोणती घेऊ?” या मालकांच्या प्रश्नावर मी अजून विचार करतो आहे. भार ओढताना डिझेल काटकसरी, परंतु त्यांच्या एरवीच्या फेऱ्या इतक्या छोट्या की काजळीचा फिल्टर तापून साफ होण्याआधीच इंजिन बंद होईल. हायब्रिडचा लाभ थांबत-थांबत चालण्यात आहे, एका वेगाने ट्रेलर ओढण्यात नाही. विद्युत पिकअपचा पल्ला मोठ्या ट्रेलरमागे निम्म्याच्या आसपास येतो. बॅटरीला जनित्राची जोड असलेली रचना मला पटते, पण तीही लांबच्या चढावर, बॅटरी उतरल्यावर, किती तग धरते हे पाहिल्यावाचून शिफारस करवत नाही. तूर्त मी सेन्सरची नोंद खोडली आणि ट्रेलर जोडलेल्या व न जोडलेल्या दिवसांचा खप वेगळा लिहायला सांगितला.