आधी वाचा, मग बोला

आमच्या मंडळाच्या वार्षिक काव्यमेळाव्याला नियम एकच होता, पण कडक. नव्या संग्रहावर मत मांडायला उभं राहायचं, तर आधी त्यातली एक कविता मोठ्यानं वाचायची. ‘प्रतिमा ताज्या आहेत’, ‘अनुभवविश्व व्यापक आहे’ वगैरे त्यानंतर. मोठ्यानं वाचताना उगाच तोडलेली ओळ लगेच कळते, कारण तिथे थांबावंसंच वाटत नाही. मुक्तछंद पारखायला याहून चांगली कसोटी मला अजून मिळालेली नाही.

सगळ्यात रंगला तो पद्य-कादंबऱ्यांचा मेळावा. विक्रम सेठ यांची ‘द गोल्डन गेट’ (१९८६) होती. चौदा ओळींची ५९० सुनीतं! रशियन कवी पुश्किननं ‘येवगेनी अनेगिन’ या आपल्या पद्य-कादंबरीसाठी घडवलेला सुनीताचा साचा सेठ यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तरुण नोकरदारांच्या आयुष्याला लावला. वाचणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या: इथे श्वास, इथे यमक हळू. दोन-तीन सुनीतांनंतर यमकांकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही, सगळे ‘पुढे काय झालं?’ विचारू लागले. पद्यात कथा सांगणाऱ्याला याहून मोठी दाद काय हवी?

मग जेसन रेनल्ड्स यांची ‘लाँग वे डाउन’ (२०१७). भावाच्या खुनाचा सूड घ्यायला पिस्तूल घेऊन निघालेला मुलगा लिफ्टनं खाली येतोय आणि मजल्यामजल्यावर एकेक मेलेलं माणूस आत शिरतंय. मिनिटभराचा प्रवास, आणि त्यात अख्खी कादंबरी. काही पानांवर मोजकेच शब्द.

“ओळी जोडल्या की हे गद्यच,” मागून एक काका म्हणाले. मंडळात हा आक्षेप दरवेळी निघायचा, आणि तो टाळू नये असं मला आजही वाटतं.

“मग जोडून वाचा ना,” बाई म्हणाल्या.

काकांनी सलग वाचलं. घटना त्याच, शब्द तेच, पण लिफ्ट भरभर खाली आली आणि भीती कुठल्या कुठे गेली. काकांनी पुन्हा तेच पान घेतलं, या वेळी ओळीओळीला थांबत. दोन्ही वाचनांतला फरक त्यांनी स्वतःच मोठ्या उत्साहानं समजावून सांगितला.

वार्षिक अंकासाठी त्या पुस्तकाचं परीक्षण बाईंनी काकांकडेच सोपवलं. त्यांनी फक्त त्या एका पानावर लिहिलं, आणि अंकातलं सर्वांत चांगलं परीक्षण तेच होतं.