खाडाखोड

नाशिकरोडला कुणी ‘प्रेसमध्ये आहे’ म्हटलं की वर्तमानपत्राचं नाव विचारायचं नसतं. प्रेस म्हणजे नोटांची, नाहीतर टपाल तिकिटांची. माझे मामा तिकिटांच्या प्रेसमध्ये होते. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण नजर अजून ड्यूटीवर असते. मामीने वाण्याच्या यादीत साबुदाणा खोडून भगर लिहिली, तर मामा आख्खी यादी नव्या कागदावर उतरवून काढतात. वाण्याला काय फरक पडतो, असं मामी म्हणते. मामांना पडतो.

त्यांच्या अल्बममध्ये १९५२ सालचा संत आणि कवींचा संच आहे, इथेच नाशिकला छापलेला. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ. कबीर नऊ पैला, रवींद्रनाथ बारा आण्यांना! टपालखात्याने हा भाव कुठल्या तागडीत तोलला, देव जाणे. पण तिकिटावरचे रवींद्रनाथ बघून मामांचं मत पक्कं झालंय, की हा माणूस अतिशय टापटिपीचा असणार.

मला रवींद्रनाथ आवडतात ते त्यांच्या खाडाखोडीसाठी.

१९२४ साली ते पेरूला निघाले होते. वाटेत आजारी पडले आणि अर्जेंटिनात, ब्युनोस आयरेसजवळ सान इसिद्रोला मुक्काम पडला. व्हिक्तोरिया ओकाम्पो या लेखिकेने तिथे त्यांची बडदास्त ठेवली. सोबत ‘पूरबी’च्या कवितांची वही होती. सगळेच कवी ओळी खोडतात आणि पुढे जातात. हे मात्र खोडल्या जागीच रेंगाळायचे. एक काट दुसऱ्याला जोडायचा, मधली जागा शाईने भरायची, की कुठे चोच निघायची, कुठे डोळा, कुठे जगातल्या कुठल्याच जंगलात न सापडणारं जनावर. ते काट पाप्यांसारखे उद्धारासाठी टाहो फोडायचे, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. आणि हातातलं लिखाण सोडून त्यांना लयीत बसवण्यातच पुष्कळदा जास्त वेळ जायचा, असंही.

नोबेल मिळून दहा वर्षं उलटलेला, साठी ओलांडलेला माणूस, आणि बसलाय रेघांची समजूत काढत.

आम्हाला शाळेत खाडाखोडीला गुण कापायचे. मग ब्लेडच्या टोकाने शाई खरवडायची, कागदाला भोक पडायचं, आणि भोकाबद्दल वेगळा मार. चेकवर अजूनही खाडाखोड चालत नाही. मोबाइलवर तर प्रश्नच मिटला: चुकलेलं पुसलं की ते कधी लिहिलंच नव्हतं. पापी उरलाच नाही, उद्धार कुणाचा करणार?

ओकाम्पोबाईंनीच खटपट करून १९३० च्या मे महिन्यात पॅरिसला रवींद्रनाथांच्या, या खाडाखोडीतूनच निघालेल्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरवून दिलं. त्याच महिन्यात ऑक्सफर्डला माणसाच्या धर्मावर हिबर्ट व्याख्यानं. जुलैत बर्लिनजवळ आइन्स्टाइनच्या घरी सत्यावर खल. माणूस नसला तरी सत्य असतंच, असं आइन्स्टाइनचं म्हणणं. जाणणारं मन वगळून सत्याची गोष्टच करता येत नाही, असं यांचं. सगळं एका उन्हाळ्यात, वयाच्या सत्तरीला टेकताना. आमच्याकडे त्या वयात सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानाला दोन फेऱ्या मारल्या तरी घरचे कौतुकाने चहा देतात.

चित्रं दोन हजारांच्या वर झाली. रीतसर शिक्षण नाही. ब्रश नसला तर बोट, नाहीतर फडकं. लाल-हिरव्यातला फरक त्यांना नीट दिसत नसावा, असं काही अभ्यासक सांगतात. मी मामांना मोबाइलवर एक चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन नाकाशी नेला.

“नाव काय याचं?”

“नाव नाही. त्यांनी नावं देणं टाळलंच.”

“मग अर्थ?”

“अर्थ विचारला की म्हणायचे, माझी चित्रं गप्प आहेत तसा मीही गप्प.”

“बरंय,” मामा म्हणाले, “प्रेसमध्ये असं म्हणालो असतो तर मेमो आला असता.”

खरं सांगायचं तर व्याख्यानांतले रवींद्रनाथ मला जरा जास्तच निर्धास्त वाटतात. शेवटी सगळं विश्व माणसाशी जुळतंच, अशी त्यांची खात्री, आणि भाषाही तशीच तुकतुकीत. चित्रांत ती खात्री सापडत नाही. सार्वजनिक वाचनालयात त्यांच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक चाळत बसलो होतो. पदर घेतलेल्या, लांबुळक्या तोंडाच्या बायका पानापानांतून बघत होत्या, आणि त्यांतल्या एकीचंही कशाशी जुळलेलं दिसत नव्हतं. हे चेहरे त्यांनी ऑक्सफर्डला सोबत नेले असते तर व्याख्यान लांबलं असतं. जन्मभर सुसंवादाची बाजू मांडलेल्या माणसाने म्हातारपणी हात मोकळा सोडला आणि हाताने उलट साक्ष दिली; तीही त्यांनी खोडली नाही, खाली सही करून ठेवली. तत्त्वज्ञ म्हणून मला ते इथे जास्त मोठे वाटतात. व्याख्यानं वाचताना मी मान डोलावत जातो. त्या बायकांसमोर डोलावून उपयोग नसतो, त्यांनी काही पटवायला घेतलेलंच नाही.