मारुतीची सीट, नोंद चौथी: पंखे उलटे केले

मागच्या नोंदीत ‘पंखा बसला, आता पाठ कोरडी’ असं मी छातीठोकपणे लिहून बसलो होतो. ते शब्द गिळतोय.

नव्यांसाठी थोडक्यात: सीटमध्ये पंखा बसवून पाठीचा घाम वाळवायचा हा खटाटोप. गाडी २००४ ची मारुती ८००, ए.सी. नसलेली, सीटला काळं रेक्झिन. रोज फोंडा-पणजी ये-जा. सकाळी काही वाटत नाही, पण दुपारी दोनला परत निघालो की बाणस्तारीचा पूल येईपर्यंत शर्ट पाठीला डकवल्यासारखा. आमच्याकडे मे महिन्यातही पारा ३३-३४ च्या आसपासच असतो. नागपूरकर हसतील. पण त्यांचा घाम उडतो, आमचा अंगावरच मुक्काम करतो.

दुखणं तिथेच आहे. त्वचा साधारण ३४-३५ अंशांची, बाहेरची हवाही जवळपास तेवढीच. म्हणजे नुसत्या वाऱ्याने अंग गार होत नाही, घाम उडाला तरच होतं. एक ग्रॅम घाम उडताना साधारण २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. तासाभरात १०० ग्रॅम उडाला तर ६७ वॅट, आणि स्वस्थ बसलेलं शरीर टाकतंच साधारण १०० वॅट. इतकी सोय असताना आपण पाठ रेक्झिनला टेकवून सगळा मार्ग बंद करतो.

तर झालेल्या चुका. पहिला पंखा कॉम्प्युटरचा, १२० मिलिमीटरचा. मोकळा धरला तर छान वारा, फोममागे बसवला की नुसता घुं घुं. पात्यांच्या पंख्याला हवा ढकलायला दाब नसतो. मग १२ व्होल्टचे दोन ब्लोअर आणले, गोगलगायीच्या आकाराचे. ते दाब देतात, पण मी ते सीटखालची हवा वर फेकायला लावले. सीटखालची हवा म्हणजे तापलेल्या पत्र्यावरची, वर लाल धूळ. दोन दिवसांत पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर जांभ्या दगडाचा नकाशा उमटला.

आता ब्लोअर उलटे आहेत. पाठीमागून हवा ओढून खाली सोडतात. फोमला २० मिलिमीटरची अकरा भोकं, धार लावलेल्या पाइपने फिरवून पाडलेली. (तापवलेली सळी वापरू नका, पीयू (पॉलीयुरेथेन) फोमचा धूर विषारी असतो.) मागून प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण, कडेने सीलंट. कुशनवाल्याने नवं कव्हर शिवताना विचारलंच, “अरे बाब, ही सीट की चाळण?”

एवढं करूनही फरक जेमतेम. कारण पाठ टेकली की भोकं बंद! शेवटी बाइकच्या सीटवर घालतात ते थ्रीडी जाळीचं कव्हर कापून पाठ आणि रेक्झिन यांच्यामध्ये घातलं. जाडी आठेक मिलिमीटर, दाबलं तरी पूर्ण चपटं होत नाही. हवेला आडवं पळायला वाट मिळाली.

मोजायचं कसं? बनियन. निघताना स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, घरी पोचल्यावर पुन्हा वजन. वाढ म्हणजे न उडालेला घाम. प्रत्येक जुळणीला तीन दुपारी, सरासरी अशी: नुसतं रेक्झिन, ४१ ग्रॅम वाढ. जाळी, पंखे बंद: २४. जाळी आणि पंखे चालू: १५. दर दिवशीची हवा वेगळी, त्यामुळे ग्रॅमवर भांडू नका. पण अर्ध्याहून जास्त काम त्या कापलेल्या जाळीने केलं, आणि माझे ब्लोअर, वायरी, दोन महिन्यांचे रविवार हे सगळं उरलेल्या नऊ ग्रॅमसाठी. टॅक्सीवाले लाकडी मण्यांचं कव्हर घालून वर्षानुवर्षं हेच करत आलेत, फुकटात. साब या स्वीडिश कंपनीने १९९७ मध्ये ९-५ गाडीला सीटमध्ये पंखे दिले, ते वाचून मला हे वेड लागलं. वर मान करून कधी शेजारच्या टॅक्सीत बघितलंच नाही.

वायरिंगबद्दल एवढंच सांगतो: थेट बॅटरीवरून घेऊ नका. मी घेतली होती. दोन्ही ब्लोअर मिळून १.२ अँपिअर, रात्रभर चालू राहिले, आणि सकाळी जत्रेच्या मैदानात चार अनोळखी माणसांनी गाडी ढकलली. आता किल्लीवर चालू-बंद होणारी लाइन आणि ३ अँपिअरचा फ्यूज. नव्या गाडीच्या सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर मात्र सीट उसवूच नका. खाली पिवळा कनेक्टर दिसला की हात मागे.

उन्हात उभ्या गाडीचा इलाज वेगळा आणि सोपा. तापमापकाने बघितलं, काळं रेक्झिन ६४ अंश, त्यावर पसरलेला पांढरा पंचा ४७. पंचा कायम डिकीत असतो.

आता मिरगाच्या आत एक काम उरलंय. पावसाळ्यात हे ब्लोअर दमट हवाच फोममधून ओढणार, म्हणजे बुरशीला आमंत्रण. जाळीला वेल्क्रो लावून ती काढून वाळवता येईल असं करतोय. काटा मात्र जप्त झाला आहे. बनियन ठेवलेल्या काट्यावर घरात आता रवा मोजला जाणार नाही, आणि नवा मलाच आणायचा आहे.