तारेवरचा वुडस्वॅलो पक्का ओळखताना

गोव्यात माडांमधून गेलेल्या विजेच्या तारेवर राखी पक्षी एकमेकांना चिकटून बसलेले दिसले की मी दुर्बीण आधी शेपटीवर लावतो. भिंगरीची (स्वॅलोची) शेपटी दुभंगलेली, ॲशी वुडस्वॅलोची आखूड, जवळपास सरळ कापलेली, टोकाला पांढरट. बसल्याबसल्या तो ती संथपणे डावी-उजवीकडे हलवतो. पाकोळीचा प्रश्नच नाही, ती तारेवर बसत नाही.

घोळ होतो उडताना. त्रिकोणी पंखांमुळे तो भोरडीसारखा भासतो. पण भोरड्या थव्याने सरळ निघून जातात. हा चार फटके मारून तरंगतो, हवेतच किडा धरतो आणि बऱ्याचदा त्याच तारेवर परततो. म्हणून मी ५-१० मिनिटं थांबतो.

फोटोत वैरी एकच, पांढरं आकाश. कॅमेरा पक्ष्याला काळा करतो आणि घरी आल्यावर तो कोतवाल वाटू लागतो! ऊन पाठीशी घेऊन एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +१ ते +१.३ ठेवलं की जाड निळसर चोच आणि पोटाचा फिकट गुलाबी-राखी रंग उतरतो. पोटावर बारीक आडव्या रेघा दिसल्या तर पिल्लू. नर-मादी सारखेच, तिथे अंदाज करू नये.

ई-बर्डवर, म्हणजे पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर, नोंदवताना नावाने फसू नका. ॲशी वुडस्वॅलो (शास्त्रीय नाव आर्टॅमस फस्कस) भिंगऱ्यांच्या कुळातला नाही. आर्टॅमिडी कुळातले त्याचे नातलग ऑस्ट्रेलियातले बुचरबर्ड. जुन्या पुस्तकांतलं स्वॅलो-श्राइक हे नावही दोन्ही बाजूंनी चुकीचं, कारण तो खाटीक पक्षीही (श्राइक) नाही. अंदमानात मात्र व्हाइट-ब्रेस्टेड वुडस्वॅलो असतो: छाती, पोट, कंबर शुभ्र. संख्या डोळ्यांनी मोजली तर कमी भरते, इतके ते दाटीने बसतात. मी फोटोतल्या शेपट्या मोजतो.

मार्च ते जून माडा-ताडांकडे वर बघावं. झावळीच्या बुडाशी उथळ वाटीसारखं घरटं, त्यात २-३ अंडी. खालून काहीच दिसत नाही. किडा घेऊन एकाच शेंड्यात वारंवार शिरणं हा घरट्याचा पुरावा धरतो. कावळ्यावर तुटून पडणं हा फक्त इशारा.

आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो लीस्ट कन्सर्न, म्हणजे सर्वात कमी चिंतेच्या, गटात आहे. तरी घरट्याचं झाड दिसलं तर मालकाच्या कानावर घालतो. पाडेली (नारळ पाडणारा) वर चढणार असेल तर तेवढा एक माड पिल्लं उडेपर्यंत थांबू शकतो.