डबल मार्करच्या फॉर्मवरील एक तारीख

गरोदरपणाच्या बाराव्या आठवड्यात मी डबल मार्कर, म्हणजे बाळाला डाउन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता सांगणारी रक्तचाचणी, केली. त्याआधीची सोनोग्राफी सुरळीत पार पडली होती आणि रक्त द्यायला उपाशीपोटी जावे लागत नसल्याने तेही पाच मिनिटांत उरकले. तिसऱ्या दिवशी अहवाल हाती आला, त्यावर ठळक अक्षरांत ‘हाय रिस्क’ छापलेले होते. मर्यादा २५० मध्ये १ अशी धरलेली आणि माझ्या बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता १४० मध्ये १. त्या रात्री आम्हा दोघांनाही झोप लागली नाही.

पहाटे अहवाल ओळीनओळ वाचताना गर्भाच्या वयाशी नजर अडली: १३ आठवडे ५ दिवस. पाळीच्या तारखेवरून वय काढताना २८ दिवसांचे चक्र धरतात, पण माझी पाळी ३८ दिवसांनी येते. सोनोग्राफीत बाळाची लांबी, म्हणजे सीआरएल, ५८ मिलिमीटर भरली होती आणि त्यानुसार वय १२ आठवडे २ दिवस होते. प्रयोगशाळेने सोनोग्राफीचा कागद जोडून घेतला, पण गणित मात्र शेवटच्या पाळीच्या तारखेवरून केले. या दिवसांत रक्तातील पॅप-ए हे प्रथिन आठवड्यागणिक वाढते, तर फ्री बीटा एचसीजी हे संप्रेरक उतरत जाते. त्यामुळे दहा दिवस पुढच्या गर्भाशी तुलना होताच माझे पॅप-ए कमी आणि एचसीजी जास्त दिसले, आणि डाउन सिंड्रोममध्ये नेमके असेच चित्र दिसते.

काउंटरवर सांगितले, “मॅडम, सही झालेला रिपोर्ट बदलत नाही.” दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त आणि पुन्हा पैसे द्यायला सांगण्यात आले. रक्तातील आकडे तेच राहणार आहेत, केवळ वय बदलून गणित पुन्हा मांडायचे आहे, हे मी तिथे उभी राहून तीनदा समजावले, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी मागितली गेली. शेवटी माझ्या डॉक्टरांनी तिथल्या पॅथॉलॉजिस्टना थेट फोन केला आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी सुधारित अहवाल मिळाला: १९०० मध्ये १. तो हातात घेऊन मी तिथल्याच बाकावर बसून रडले.

म्हणून रक्त देण्यापूर्वी फॉर्मवर सीआरएल आणि सोनोग्राफीची तारीख लिहिली आहे ना, हे स्वतः पाहावे. वजनही त्याच दिवशी करून घ्यावे, कारण वजन जास्त असल्यास हे घटक रक्तात विरळ दिसतात आणि त्याचा हिशेब गणितात धरलेला असतो. माझ्या फॉर्मवर महिन्यापूर्वीचे वजन होते, हे मला नंतर कळले. जुळी, आयव्हीएफ किंवा मधुमेह असल्यास तेही नोंदवावे. अहवाल खरोखरच हाय रिस्क आला, तरी ते निदान नव्हे. पुढे एनआयपीटी (आईच्या रक्तातील बाळाच्या डीएनएची तपासणी) किंवा गर्भजल तपासणीबद्दल डॉक्टरांशी लगेच बोलावे. आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. मी तो काढला नव्हता, म्हणून फॉर्मवर पाळीची तारीख कोणी लिहिली यावरच माझी एक सकाळ गेली.